गाडीत जागा आहे, पण बसणार कोण?

बीड : रविवारी संध्याकाळी पुण्याकडे निघालेल्या कित्येक कारमध्ये एक-दोनच माणसं असतात. त्याच वेळी बसस्थानकात पोरं बॅगा घेऊन ताटकळत उभी असतात. जानेवारी 2023 मध्ये राज्याने खासगी नंबरच्या गाड्यांतून अशी शेअरिंगची वाहतूक बंद केली होती. 2025 मध्ये मात्र अ‍ॅपमार्फत कार पूलिंगला परवानगी देण्याचं धोरण ठरलं. प्रश्न एवढाच, की आपल्याकडची माणसं अनोळखी गाडीत बसायला तयार होतील का?

हिशेब सोपा आहे. बीड ते पुणे साधारण 240 किलोमीटर. गाडी लिटरला 15 गेली तर 16 लिटर पेट्रोल, म्हणजे सोळाशेच्या वर खर्च. चौघांत वाटला तर माणशी चारशेच्या आसपास, टोल वेगळा. गाडीवाल्यालाही परवडतं.

पण नुसत्या पैशावर माणूस गाडीत बसत नाही. गेवराई, केज, माजलगावच्या रस्त्यावर काळी-पिवळीत लोक वर्षानुवर्षं दाटीवाटीने बसत आले, कारण ड्रायव्हर कोणत्या गावचा, कुणाचा पोरगा, हे माहीत असतं. काही झालं तर घरी जाऊन जाब विचारता येतो. अ‍ॅपवरच्या फोटोला आणि स्टारला ही सर कशी येणार? म्हणून तर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उद्या सकाळी पुण्याला निघतोय, दोन सीट आहेत’ असा मेसेज पडला की जागा पटकन भरतात.

एसटीच्या 2021-22 च्या संपात लोक मिळेल त्या गाडीत बसले. ती मर्जी नव्हती, मजबुरी होती. त्यानंतर 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. त्यामुळे बाई आणि म्हातारं माणूस भाड्याच्या तुलनेत एसटीच धरणार. एसटी आलीच नाही, तर गोष्ट वेगळी.

विम्याचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीची पॉलिसी घरच्या वापरापुरती असते. भाडं घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला, तर कंपनी हात वर करू शकते. मग दवाखान्याचं बिल गाडीवाल्याने भरायचं की जखमीच्या घरच्यांनी? बसण्याआधी हे विचारणारा प्रवासी विरळाच.

शिवाय पूलिंगची गाडी चालते ती मोठ्या रस्त्याला, पुणे-संभाजीनगरकडे. पाटोदा, शिरूर कासारच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवर रिकामी कारच नाही, तर शेअर काय करणार? धारूरकडच्या खेड्यातली बाई अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात सकाळी कशीबशी पोहोचते. केसपेपर, तपासणी, औषधं यातच चार-पाच वाजतात. तिला जाताना गाडी कोणाची याची फिकीर नसते. ती एवढंच विचारते, ‘संध्याकाळी परत कोण आणणार?’