नांगर विकणारे कर्मवीर

रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. परंतु हे शिक्षणमहर्षी काही वर्षे कारखान्याचे विक्री प्रतिनिधी होते, याची आठवण आपल्या व्यापारी घरांतही क्वचितच निघते. वास्तविक त्यांच्या पुढील कार्याची पूर्वतयारी त्याच व्यवसायात झाली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन कुटुंबात झाला. घराण्याचे गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. आज हा तालुका सांगली जिल्ह्यात असला, तरी त्या काळी तो सातारा जिल्ह्याचाच भाग होता. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते उपस्थित राहिले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे होते. पुढे १९१४ च्या डांबर प्रकरणात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी कोठडीतील छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. मनात राग धरण्यास कारण असतानाही त्यांनी सत्य सोडले नाही.

त्यानंतर ते किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची विक्री करू लागले. हा माल खपविणे सोपे नव्हते. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जाण्यास किर्लोस्करांना तब्बल दोन वर्षे लागली होती. अशा मालासाठी भाऊराव गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे, त्याची शंका ऐकून घ्यावी, त्याचा विश्वास मिळवावा, हेच त्यांचे काम होते. याच भ्रमंतीत त्यांनी रयतेचे दारिद्र्य व अज्ञान जवळून पाहिले. पुढे साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हातभार लागला.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये तिचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. नांगराप्रमाणेच शाळेविषयीही खेड्यांत साशंकता होती. शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहणार नाही, ही भीती घरोघर होती. ‘कमवा आणि शिका’ ही योजना म्हणजे त्या भीतीला दिलेले उत्तर होते. मुले शेतात राबत, स्वतःचे अन्न पिकवीत आणि शिकत.

या उभारणीचे मोल घरानेही चुकते केले. वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही मोडले. परक्यांच्या मुलांना पोटच्या मुलांप्रमाणे सांभाळणारी ही माउली १९३० मध्ये निवर्तली. संस्थेचा वटवृक्ष झालेला पाहणे तिच्या भाग्यात नव्हते. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. भारत सरकारने १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण देऊन गौरविले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. भाऊरावांपाशी देण्यास संपत्ती नव्हती. गावोगावची ओळख, माणूस पटविण्याचे कौशल्य आणि शब्दाची पत हे व्यवसायात कमावलेले भांडवल त्यांनी ज्ञानदानासाठी लावले. आपल्या पेढ्यांवर हे भांडवल पिढ्यान्‌पिढ्या साठत आले आहे. नफ्यातील काही भाग धर्मादाय खात्यावर टाकताना, त्या खात्यावर आपले कौशल्य आणि वेळ यांचीही जमा आहे का, हे प्रत्येक घराने एकदा पाहावे.