नकली मासा आणि खरा जिताडा

गेल्या हिवाळ्यात मी भाच्यासह धरमतरच्या खाडीत कयाकमधून मासे गरवावयास गेलो होतो. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची अरुंद होडी. त्यांची कातड्याची असे, आमची प्लास्टिकची होती. गळाला कोळंबीऐवजी रंगविलेला नकली मासा होता. ओहोटी लागली की कांदळवनातील ओहोळांचे पाणी उतरते, त्याबरोबर लहान मासे बाहेर येतात, आणि ओहोळाच्या तोंडाशी जिताडा दबा धरून बसतो. आम्हीही तेथेच थांबलो. मी बोलू लागताच शेजारच्या होडीतील म्हाताऱ्या कोळीबाबांनी दटावले, "मास्तर, बोलू नका, मासा पळेल."

गप्प बसलो खरा, पण हे भौतिकशास्त्राला मानवत नाही. पाणी हवेपेक्षा आठशेहून अधिक पट घन, आणि त्यात ध्वनीचा वेगही चौपटीहून जास्त. त्यामुळे हवेतील ध्वनी पाण्यावर आदळला की त्याच्या ऊर्जेचा हजारातील जेमतेम एक भाग आत शिरतो, बाकीची ऊर्जा परावर्तित होते. उलट, वल्हे होडीवर आपटले तर ती कंपने तळातून थेट पाण्यात उतरतात व सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने पसरतात. तेव्हा हळू आवाजात गप्पा खुशाल माराव्यात, वल्हे आपटू नये! (बाबांनी वल्हे टेकते तेथे चिंध्या गुंडाळल्या होत्या. म्हणजे निम्मे भौतिकशास्त्र त्यांना ठाऊक होते.) शिक्षकांनी हे फळ्यावर न सांगता पोहण्याच्या तलावात दाखवावे. कान पाण्यात बुडवून आधी वरचे बोलणे ऐकावे, मग पाण्यात आपटलेल्या दोन दगडांचा आवाज.

नकली माशाच्या जबड्याखाली तिरकी पट्टी असते. दोरा ओढताच पाण्याच्या दाबाने तो बुडी मारतो व डोलू लागतो. ही हालचाल गढूळ पाण्यातही जिताड्याला अंगावरील पार्श्वरेषेमुळे कळते.

इथवरचे शास्त्र फसविण्याचे. माझा आक्षेप पुढे आहे. हौशी मंडळी मोठ्यात मोठा जिताडा धरून छायाचित्र काढतात आणि घरी नेतात. पण बहुतेक जिताडे प्रथम नर असतात व काही वर्षे वाढल्यावर मादी बनतात. म्हणजे छायाचित्रातला तो मासा बहुधा मादी, तीही भरपूर अंडी देणारी. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या खाड्यांत ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान जिताडा सोडावा लागतो, तसाच १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही. आपल्याकडील हौशींनी हे आपण होऊन पाळावे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे मासा सोडविताना फाटत नाही. पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला मी हे सांगणार नाही. त्याचा हिशेब वेगळा.

त्या दिवशी भाच्याला सुमारे ७० सेंटिमीटरचा जिताडा लागला. "हा नर असावा, ठेव," मी म्हणालो. तो म्हणाला, "पण मामा, हाच पुढे मादी झाला असता ना?" मला उत्तर सुचले नाही. रात्री आम्ही त्याचे कालवण खाल्ले.