मोडलेल्या वस्तूची साक्ष

कुणकेश्वराच्या किनाऱ्यावर बागा राखणाऱ्या आम्हां शेतकऱ्यांस खारा वारा नवा नाही. तथापि काही पडले की सारा दोष वाऱ्याच्या माथी मारण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही.

आमच्याच जिल्ह्यात मालवण येथे राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला श्रीशिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा हे कारण प्रथम सांगण्यात आले. परंतु नटबोल्ट गंजल्याचा इशारा सार्वजनिक बांधकाम खात्याने सहा दिवस आधीच पत्राने दिला होता. आणि पुढे चौकशी समितीने गंज, कमकुवत सांगाडा व सदोष वेल्डिंग ही कारणे दाखविली. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा तर मंत्रिमहोदयांनी खेकड्यांस जबाबदार धरले! वारा आणि खेकडे यांस कोर्टात उभे करता येत नाही, म्हणूनच ते सर्वांस सोयीचे आरोपी ठरतात.

आमच्या वाचकांचा याच्याशी संबंध काय? पंपघराचे पत्रे उडाले अथवा मांगराचे छप्पर बसले, म्हणजे विमा कंपनी प्रथम कारणच विचारते. वादळाची हानी विम्यात असली, तरी गंजाची व निकृष्ट कामाची बहुधा नसते. तेथे ठेकेदाराकडेच दाद मागावी लागते. असा तंटा कोर्टात गेल्यास तज्ज्ञाची साक्ष महत्त्वाची ठरते. १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ४५ ची ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आली आहे. मात्र तज्ज्ञाचे नुसते मत कोर्टावर बंधनकारक नसते. त्यामागील कारणे पटावी लागतात, आणि ती कारणे मोडलेल्या वस्तूतच असतात. लोखंडाच्या तुटलेल्या तोंडात जुना गंज मुरलेला असेल, तर चीर आधीचीच होय. परंतु आपल्या खाऱ्या हवेत ताजे तोंडही थोड्याच दिवसांत गंजते. म्हणून विलंब घातक.

यास्तव जीविताच्या रक्षणापुरतेच आवरावे. बाकी सर्व जागच्या जागी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, कंपनीस लेखी कळवावे, आणि तुटलेला तुकडा कोरड्या जागी जपावा. तो भंगारात देणे म्हणजे आपला साक्षीदार आपणच विकणे होय. आपल्या संस्थेनेही निःपक्षपाती इंजिनिअरांची यादी आताच करून ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. एकट्या बागायतदारास न परवडणारी तपासणी दहाजणांच्या वर्गणीत सहज होईल.