पाणी सीमा ओलांडते, इशारा अडतो

ऑक्टोबर 2020 मधली गोष्ट. आमची थोरली बहीण अफझलपूर तालुक्यात भीमाकाठच्या एका गावात दिली आहे. रात्री नवाच्या सुमारास तिला पंढरपूरहून चुलत सासूबाईंचा फोन आला. पुंडलिकाच्या देवळात पाणी शिरलंय, उजनीतून अजून सोडतायत, जनावरं दावणीला ठेवू नका, असे त्यांनी बजावले. त्या एका फोनवर ताईच्या घरच्यांनी दोन म्हशी आणि ज्वारीची पोती वरच्या आळीत हलवली. भोंगा लावलेली सरकारी जीप गावात आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर खालच्या गल्लीत कमरेएवढे पाणी होते.

वाचकहो, इशारा दिला कुणी? सासूबाईंनी! आणि ज्या घराचे पंढरपुरात कुणी नाही, त्या घराने काय करायचे?

भीमा भीमाशंकरला उगम पावते, पुणे-सोलापूरचे पाणी गोळा करते आणि आपल्या जिल्ह्यात शिरते. वर उजनी आहे, सुमारे 117 टीएमसीचे धरण. खाली सोन्नचा बंधारा, मग गाणगापूर, मग जेवर्गीकडचा पट्टा. उजनीतून किती पाणी सुटले हे सोलापुरात मराठीत जाहीर होते. तेथून तो आकडा कचेरीच्या इंग्रजीत सीमा ओलांडतो, इकडे कन्नडमध्ये उतरतो आणि शेवटी ज्याच्या कानावर पडतो त्या म्हाताऱ्याची घरची भाषा बहुधा पुन्हा मराठीच! पाणी मात्र भाषांतरासाठी थांबत नाही.

कुणी म्हणेल, हे सारखे भाषेचेच रडगाणे. नाही. कन्नड आम्हाला परकी नाही. आमच्या आजोबांचे घर मराठीत, बाजार कन्नडमध्ये आणि निजामाच्या काळात कचेरी उर्दूत चालायची. तिन्ही भाषा त्यांनी संसारासारख्या सांभाळल्या. पण मध्यरात्री घाबरलेल्या माणसाला त्याच्या आईच्या भाषेतले एक वाक्य पुरते. परिपत्रक समजून घ्यायला मात्र सकाळ लागते.

एका खोऱ्यावर दोन सरकारे असली की काय होते, हे लिबियाने दाखवून दिले आहे. तेथे त्रिपोलीचे एक सरकार आणि पूर्वेचे दुसरे. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री ‘डॅनियल’ वादळाने दर्ना शहरावरची दोन्ही धरणे फोडली. 1970 च्या दशकात बांधलेली ती धरणे दुरुस्त करण्याचा ठेका 2007 मध्ये एका तुर्की कंपनीला दिला होता. 2011 च्या यादवीत काम बंद पडले. 2022 मध्ये अब्दुलवनीस अशूर या जलतज्ज्ञांनी निबंध लिहून धोका सांगितला होता. तो कुणी वाचला नाही. आणि त्या रात्री? कुणी म्हणे घर सोडा, कुणी म्हणे संचारबंदी आहे, घराबाहेर पडू नका. हजारो माणसे झोपेतच समुद्रात गेली. मृतांचा पक्का आकडा आजवर लागलेला नाही. जागतिक हवामान संघटनेच्या प्रमुखांनी साफ सांगितले की, वेळेवर इशारा मिळाला असता तर बहुतेक जीव वाचले असते. तरी जुलै 2024 मध्ये तेथल्या न्यायालयाने 12 अधिकाऱ्यांना तुरुंगात धाडले. आपल्याकडे पुरानंतर साधी बदली झाल्याचे कुणाला आठवते काय?

अरबांकडे सगळाच अंधार आहे असेही नाही. ओमानला जून 2007 मध्ये ‘गोनू’ चक्रीवादळाने झोडपले, पन्नासच्या आसपास माणसे गेली. मस्कतच्या राज्यकर्त्यांनी ते मनाला लावून घेतले आणि पुढे वादळ, पूर, त्सुनामी या सर्वांसाठी एकच इशारा केंद्र उभे केले. आपल्या बीदर-गुलबर्ग्याची किती तरी मुले आखातात नोकरी करतात. तेथे वादळाचा इशारा अरबीबरोबर इंग्रजीतही निघतो, कारण राबणारा माणूस परदेशी आहे हे त्या सरकारला ठाऊक आहे. परक्या मुलखात आपल्या मुलाला समजेल असा इशारा मिळतो आणि त्याची आई मात्र स्वतःच्या गावात पंढरपूरच्या फोनवर अवलंबून! ही लाजेची गोष्ट कुणाची?

दोन्ही सरकारांची. महाराष्ट्र आणि कर्नाटक पाण्याच्या वाट्यासाठी बच्छावत लवादापासून भांडत आले. थेंबाथेंबाचा हिशेब दोघांना तोंडपाठ आहे. पुराचा हिशेब मात्र कुणालाच नको. 2019 च्या कृष्णेच्या महापुरानंतर अलमट्टीवरून आरोप झाले, समित्या बसल्या. जून 2021 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. कृष्णा-भीमा खोऱ्यातल्या पुराबाबत समन्वय ठेवायचे ठरले. चांगले झाले. पण तो समन्वय अभियंत्यांच्या टेबलाशी संपतो. टेबलापासून काठावरच्या घरापर्यंतचे शेवटचे चार कोस कुणाच्याच खात्यावर नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये भीमा पुन्हा फुगली आणि तेच झाले: आधी पाणी, मग जीप, मग हेलिकॉप्टरातून पाहणी. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

आता थोडे आपल्या घरात. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यातले जुने लोक विसरलेले नाहीत. गणपती बोळवून माणसे निजली होती आणि 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हलली. आळंद, बसवकल्याणच्या भिंतींनीही तो हिसका सोसला. आपण ट्रक भरून भाकरी आणि चादरी पाठवल्या, त्याचा अभिमान आजही सांगतो. पण त्यानंतर इतक्या वर्षांत आपल्या मंडळांनी सीमाप्रश्नावर किती ठराव केले आणि जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा किती जणांनी हातात घेऊन पाहिला? 2005 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला असा आराखडा करायला आणि दरवर्षी तपासायला सांगितले आहे. लोकांपर्यंत इशारा पोचवण्याची यंत्रणा ठेवणे हे जिल्हा प्राधिकरणाचे कामच आहे आणि त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. हे मागायला सीमा बदलावी लागत नाही. ठराव करणे सोपे, कचेरीत चार हेलपाटे घालणे कठीण, म्हणून आपण ठराव करतो. हे लिहिणाराही त्यातलाच.

पैशांची सबब कुणी सांगू नये. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये चाचणी म्हणून सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले होते, आठवते ना? त्याच यंत्रणेतून प्रादेशिक भाषांत संदेश जाऊ शकतो. भीमाकाठच्या गावांसाठी कन्नडखाली मराठीची एक ओळ घालायला कितीसा खर्च येणार? आणि ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याच्यासाठी देवळावर भोंगा आहे, मशिदीवर आहे. फक्त पुजाऱ्याला आणि मौलवींना फोन कुणी करायचा, ते नाव कागदावर हवे.

म्हणून पावसाळ्याआधी मंडळाचे पाच-सहा जण जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन आराखड्याची प्रत मागणार आहोत. ज्यांची सोयरीक भीमा, अमरजा किंवा कागिण्याच्या काठी आहे त्यांनी गावाचे नाव, मागच्या पुरात पाणी कुठवर आले ती खूण आणि रात्री जागा असणाऱ्या एका माणसाचा नंबर लिहून आणावा. कन्नड चांगले लिहिता येणारी दोन तरुण मुले बरोबर हवीत. अर्ज दोन्ही भाषांत द्यायचा आहे.