उशिरा पूर्ण होणारी पदवी

पदवी अर्धवट राहण्याची कारणे बहुधा घरातलीच असतात. वडिलांचे आजारपण, धाकट्या भावंडांची फी, लग्न, बाळंतपण, मिळालेली नोकरी हातची जाऊ नये ही धास्ती. काहींचा एखादाच विषय राहतो. एटीकेटीच्या आधाराने ते पुढच्या वर्गात जातात आणि तो विषय तसाच मागे राहतो. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा ‘उन्हाळी’ आणि ‘हिवाळी’ या नावांनी ओळखल्या जातात. हिवाळीत जमले नाही, उन्हाळीत देऊ, असे म्हणता म्हणता वर्षे उलटतात आणि फॉर्म भरायचा राहून जातो.

या उशिराला नियमांची एक मर्यादा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या मुदतीनंतर दोन वर्षे आणि अपवाद म्हणून आणखी एक वर्ष मिळू शकते. म्हणजे तीन वर्षांच्या बीएला पाच, फार तर सहा वर्षे. प्रत्यक्ष सवलत विद्यापीठागणिक वेगळी असते. मुदत संपली की नव्याने प्रवेश घ्यावा लागतो, आणि बहुतेक जण याच टप्प्यावर आशा सोडतात. ती सोडण्याचे कारण नाही, कारण दूरशिक्षणाची व्यवस्था अशांसाठीच उभी राहिली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ 1985 साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले. राम ताकवले हे नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. दोन्ही विद्यापीठांची विभागीय केंद्रे नागपुरात आहेत. आयोगाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची दूरशिक्षणातली पदवी सरकारी नोकरीसाठी नियमित पदवीइतकीच ग्राह्य धरली जाते. ती दुय्यम आहे हा समज नागपुरातही अजून गेलेला नाही, आणि त्यापायी कितीतरी शहाणी माणसे घरी बसली आहेत.

नव्या शैक्षणिक धोरणाने आणखी एक वाट उघडली. 2021 पासून ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. मिळवलेले श्रेयांक तिथे जमा राहतात, त्यांची मुदत सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत असते. पहिल्या वर्षानंतर थांबणाऱ्याला प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका मिळते आणि परत येऊन पुढचे शिक्षण घेता येते. कागदावरची ही सोय उत्तम आहे. मात्र महाविद्यालयाच्या खिडकीवरचा माणूस परत आलेल्या पस्तिशीतल्या बाईला काय सांगतो, यावरच या सोयीची खरी किंमत ठरेल.

उशीर झालेल्यांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. धोंडो केशव कर्वे 1858 साली जन्मले आणि 1884 साली बीए झाले, म्हणजे विशी कधीच ओलांडली होती. पुढे त्यांनी जे उभारले त्यापुढे त्या वर्षांचा हिशेब कुणी मांडला नाही. विदर्भातले उदाहरण सुरेश भटांचे. अमरावतीत शिकताना ते बीएच्या शेवटच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि 1955 साली उत्तीर्ण झाले. ‘रूपगंधा’ हा त्यांचा पहिला संग्रह 1961 साली आला. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले, इथेच 2003 साली गेले, आणि रेशीमबागेतले सभागृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वयाने मोठ्या विद्यार्थ्याची अडचण बुद्धीची नसते, हाताची असते. दहा वर्षे मोबाइलवर टाइप केलेल्या माणसाला सलग तीन तास पेनाने लिहिणे जड जाते. दुसऱ्या प्रश्नालाच अंगठा दुखू लागतो, अक्षर बिघडते. त्यामुळे परीक्षेआधी दोन महिने रोज दोन पाने हाताने लिहिणे हाच सर्वांत उपयोगी अभ्यास ठरतो. वाचण्याच्या अभ्यासाला मुक्त विद्यापीठाची पुस्तके मदत करतात. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मधे स्वयं-अध्ययनाचे प्रश्न; शिक्षक समोर नसताना शिकता यावे अशीच त्यांची मांडणी असते. अर्थशास्त्रातली मागणी आणि पुरवठा इतवारीच्या दुकानदाराला समजावून सांगावे लागत नाहीत. त्याला फक्त ते पुस्तकी शब्दांत लिहायला शिकायचे असते.

दुसरी अडचण रोजच्या जगण्याची. पदवी होईपर्यंत सगळे बंद, असे ठरवणारे लोक पुष्कळ आहेत: रविवारचे तर्री पोहे नाहीत, अंबाझरीचा फेरा नाही, मामेबहिणीच्या लग्नाला जाणे नाही. हा निश्चय क्वचितच टिकतो, आणि मोडला की अभ्यासही मोडतो. तीन वर्षे कुणालाही शिक्षेसारखी काढता येत नाहीत. ज्यांची पदवी पार पडते त्यांचा अभ्यास घरच्या वेळापत्रकात बसलेला असतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी कूलरच्या घरघरीत वाचलेले डोक्यात शिरत नाही. पहाटे पाच ते सात ही वेळ मात्र गार असते, घर निजलेले असते. तेवढ्या दोन तासांत एक घटक वाचून होतो. मग उरलेला दिवस दुकानाचा, मुलांचा, शेजाऱ्यांचा राहू शकतो. शिकण्याचा आनंदही याच दिवसात मिसळतो. इतिहासात वाचलेले भोसल्यांचे नागपूर महाल भागातून जाता-येता ओळखीचे वाटू लागते, आणि मुलीच्या गृहपाठाशेजारी आईची वही उघडी राहते. हा आनंद अठराव्या वर्षी सहसा मिळत नाही.

महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी थोडे करायला हवे: परत येणाऱ्यांसाठी वेगळा चौकशी कक्ष, फॉर्मच्या तारखांची वेळेवर सूचना, अभ्यासकेंद्राची सत्रे सुटीच्या दिवशी, आणि ‘इतके दिवस कुठे होता’ हा प्रश्न बंद. ज्यांची पदवी राहिली आहे त्यांनी कपाटातली शेवटची गुणपत्रिका आणि नोंदणी क्रमांक काढावा, आपल्या महाविद्यालयात किंवा जवळच्या अभ्यासकेंद्रात जाऊन मुदत उरली आहे का, हे एकदा विचारून यावे.