टूलबारवर बटणं कमीच बरी

आपल्या ई-अंकाच्या एडिटरमधून फॉन्ट, रंग आणि अक्षरांतलं अंतर ही बटणं मी काढून टाकली, तेव्हा दोघे-तिघे रुसले. रुसू देत! अंतर वाढवलं की इंग्रजी शब्द ऐसपैस दिसतो. आपली शिरोरेषा मात्र तुटते.

खरं दुखणं कवितेचं. एंटर दाबलं की एडिटर नवा परिच्छेद धरतो, म्हणून प्रत्येक ओळीखाली मोकळी जागा सुटते आणि कडवं कुठे संपलं तेच कळत नाही. मागच्या अंकात एका ज्युनिअरची कविता अशीच विस्कटली. ती काही बोलली नाही, पण यंदा तिने कविता दिलेली नाही. ओळ मोडायला शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की नुसतं एंटर, हे आता मी लिहायच्या चौकटीवरच टाकून ठेवलंय.

वर्डमधला मजकूर कंट्रोल-शिफ्ट-व्हीने चिकटवा, तिथली सजावट सोबत येणार नाही. आणि 'दऱ्या' तपासा. काही जण तो र जोडायला न दिसणारं चिन्ह वापरतात. एडिटरच्या साफसफाईत ते पुसलं गेलं की डोंगरातल्या दऱ्यांचा थेट दर्या होतो.

त्या ज्युनिअरकडे मी पुन्हा कविता मागणार आहे. प्रिव्ह्यू आधी तिलाच दाखवीन.