क्वचित छापणाऱ्याचा प्रिंटर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका विद्यार्थिनीच्या लघुप्रबंधाचे प्रकरण कागदावर घेऊन वाचावे म्हणून घरचा प्रिंटर सुरू केला. मार्चनंतर त्याला हात लागलेला नव्हता. पहिले पान बाहेर आले तेव्हा ओळीओळीतून आडवे पांढरे पट्टे गेले होते. कुठे शिरोरेषा उमटली होती पण अक्षरे नव्हती, कुठे वेलांट्या गळाल्या होत्या. दोनदा सफाईची आज्ञा दिली. पट्टे राहिले आणि उरलीसुरली शाई मात्र संपली. यंत्र बिघडलेले नव्हते. ते रोज छापणाऱ्यासाठी बनलेले होते आणि मी महिन्याकाठी पंधरा-वीस पाने छापणारा होतो. चूक निवडीची होती, म्हणजे माझी होती.

या अनुभवातून माझे जे मत बनले ते सुरुवातीलाच सांगतो. क्वचित छापणाऱ्याने प्रिंटर निवडताना तो किती वेगाने किंवा किती रंगांत छापतो याकडे पाहू नये. तो किती काळ न छापता नीट राहू शकतो, ही त्याची खरी कसोटी आहे.

साहित्याच्या अभ्यासकांशी हा विषय का बोलावा, असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर आपल्या कामातच आहे. पडद्यावर वाचताना डोळा अर्थाकडे धावतो आणि ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, गळलेला शब्द हे सारे निसटते. हातात पेन घेऊन कागद वाचताना तेच दोष थांबवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांना तिची प्रत शुद्ध करावी लागली, कारण मधल्या तीन शतकांत नकलाकारांच्या हातून पाठ बिघडले होते. पाठ शुद्ध ठेवणे हे मराठीच्या शिक्षकाचे जुने काम आहे. त्यासाठी कागद लागतो, आणि तो लागेल तेव्हा मिळावा लागतो.

आता हिशेब. झेरॉक्सच्या दुकानात एका छापील पानाला पाच रुपये पडतात असे धरू. महिन्याला वीस पाने म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस पाने, बाराशे रुपये. घरी काळ्या छपाईचा साधा वायफाय लेझर प्रिंटर घ्यायचा तर बारा ते पंधरा हजार रुपये लागतात, आणि कंपनीचे टोनर व कागद मिळून पानाला सुमारे तीन रुपये खर्च येतो. म्हणजे वर्षाला बचत चारशे ऐंशी रुपयांची. बारा हजारांचे यंत्र वसूल व्हायला पंचवीस वर्षे लागतील! तेव्हा ‘घरचा प्रिंटर स्वस्त पडतो’ हा समज क्वचित छापणाऱ्याने पहिल्यांदा सोडून द्यावा. ज्याच्या घराखाली दुकान आहे आणि ज्याला वर्षाला पन्नास पानेच लागतात, त्याने प्रिंटर घेऊच नये असे मी म्हणेन.

मग घ्यावा कुणी? अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार आणि चौदा तालुके. तालुक्याच्या गावापासून दूर राहणाऱ्या शिक्षकाला किंवा संशोधक विद्यार्थ्याला चार पानांसाठी एसटीची वाट पाहावी लागते. दुसरी अडचण लिपीची. आपल्यापैकी अनेकांचे जुने लेखन श्रीलिपीसारख्या टंकांत अडकलेले आहे. दुकानातल्या संगणकावर तो टंक नसला की मराठीच्या जागी इंग्रजी चिन्हांचा गुंता उमटतो. रांगेत मागे चार जण उभे असताना तो सोडवता येत नाही. पीडीएफ करून नेली तर हा प्रश्न सुटतो, हे खरे; पण ती जिथे टंक आहे तिथेच करावी लागते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अपुरे लेखन दुसऱ्याच्या संगणकावर ठेवून येणे बरे नव्हे. विद्यार्थ्याचा अप्रकाशित प्रबंध, प्रश्नपत्रिकेचा मसुदा, कवितेचा कच्चा खर्डा या गोष्टी पेन ड्राइव्हमधून दुकानात जातात आणि तिथेच मागे राहतात. पंचवीस वर्षांचा हिशेब मोडून प्रिंटर घ्यायचा तो या कारणांसाठी, बचतीसाठी नव्हे.

घ्यायचा ठरला तर निवड मुख्यतः शाई आणि भुकटी यांतली आहे. इंकजेट यंत्र द्रव शाई अतिसूक्ष्म छिद्रांतून कागदावर सोडते. ते आठवडेच्या आठवडे बंद राहिले की छिद्रांच्या तोंडाशी शाई वाळते, आणि ती मोकळी करण्यासाठी यंत्र आणखी शाई खर्च करते. चार-पाच हजारांत मिळणारी कार्ट्रिजची यंत्रे म्हणूनच महाग पडतात; क्वचित छापणाऱ्याची बरीच शाई कागदाऐवजी सफाईत जाते. बाटलीने शाई भरायची टाकीवाली यंत्रे पानामागे फार स्वस्त आहेत, पण वाळण्याचा धर्म त्यांनाही सुटलेला नाही. आठवड्याला एक रंगीत पान न चुकता छापणाऱ्याने ती जरूर घ्यावीत. घरात शाळकरी मुले असतील, प्रकल्पांसाठी रंगीत चित्रे लागत असतील, तर तीच योग्य.

लेझर प्रिंटरमधले टोनर मात्र कोरडी भुकटी असते. ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते. वाळण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे यंत्र दिवाळीला बंद करून उन्हाळ्यात सुरू केले तरी पहिले पान स्वच्छ येते. देवनागरीसाठी आणखी एक लाभ आहे. साध्या कागदावर द्रव शाई किंचित पसरते आणि लहान टंकातला अनुस्वार किंवा रफार बुजतो. भुकटीच्या छपाईत तो ठसठशीत राहतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याला एवढे पुरे आहे.

लेझरच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. भुकटी वितळवताना यंत्र काही क्षण कित्येक शे वॅट वीज ओढते, म्हणून ते घरच्या इन्व्हर्टरवर लावू नये. वीज गेलेली असताना छपाई होणार नाही हे गृहीत धरावे. खोक्यासोबत येणारे पहिले टोनर बहुधा अर्धवट भरलेले असते. टोनरवर लिहिलेली पानांची संख्या ठरावीक नमुना-मजकुरावरून काढलेली असते. आपली दाट भरलेली पाने त्याहून कमी निघू शकतात. कंपनी इतरांचे टोनर चालू देते का, हेही आधीच विचारावे. २०१६ साली एचपीच्या काही इंकजेट प्रिंटरांनी यंत्रातील आज्ञावलीमुळे परक्या कंपन्यांची कार्ट्रिजे एकाएकी नाकारली होती. त्यावर जगभर ओरड झाली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. विकत घेतलेल्या यंत्रावर मालकी कुणाची, हा प्रश्न त्या वेळी उघडपणे पुढे आला.

वायफायचे काय? घरात एकाहून अधिक जण मोबाइलवरून छापणार असतील तर ते हवेच. मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. बरेच स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात. घरचा राउटर त्या देतो ना, हे तपासावे. जिथे ब्रॉडबँड पोचलेले नाही तिथे वायफाय डायरेक्ट ही सोय असलेले यंत्र घ्यावे, म्हणजे राउटरशिवाय मोबाइल थेट प्रिंटरशी जोडता येतो. आणि यूएसबीची तार जोडण्याची जागा असावी, कारण पासवर्ड बदलल्यावर बिनतारी यंत्र नेमके घाईच्या वेळी रुसते. दोन्ही बाजूंनी आपोआप छापण्याची सोय थोडे अधिक पैसे देऊन घ्यावी. प्रबंधाचा कागद निम्म्यावर येतो.

एक सूचना विभागप्रमुखांसाठी. तीन-चार सहकाऱ्यांनी मिळून विभागात एक लेझर प्रिंटर ठेवला आणि विद्यार्थ्यांना कागदाच्या खर्चात छापू दिले, तर वरचा पंचवीस वर्षांचा हिशेब चार-पाच वर्षांवर येतो. लघुप्रबंध दुरुस्त करण्याची एक फेरी विद्यार्थी आज केवळ पैशांअभावी टाळतात. ती फेरी त्यांना परत मिळेल.

आपल्या जिल्ह्याला हे नवे नाही. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली सुरू केलेले ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातल्या तरवडी या खेड्यातून निघत असे, आणि ते १९६७ पर्यंत त्यांनी चालवले. वृत्तपत्र शहरातच निघते, या समजुतीला त्यांनी खेड्यात राहून उत्तर दिले. घरातला प्रिंटर म्हणजे छापखाना नव्हे, त्याची बरोबरी मी करीत नाही. परंतु छपाईचे साधन लिहिणाऱ्याच्या गावात असले की लिहिणाऱ्याची अडवणूक कमी होते, एवढे त्या उदाहरणावरून म्हणता येते.

तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी एक काम करावे. गेल्या वर्षभरात आपण किती पाने छापली आणि कोणत्या दोन छपायांमध्ये सर्वांत मोठा खंड पडला, हे कागदावर मांडावे. पहिला आकडा प्रिंटर घ्यावा की नाही ते सांगेल, दुसरा कोणता घ्यावा ते सांगेल. मी तो दुसरा आकडा काढला असता तर त्या विद्यार्थिनीचे प्रकरण वेळेवर वाचून झाले असते.